नूडल्स घालायच्या त्या शेवटी

अमेरिकेतलं पॉटलक म्हणजे आपली अंगतपंगत. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा, लांब टेबलावर मांडायचा आणि सगळ्यांनी सगळं खायचं. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन अशा मधल्या राज्यांत चर्चच्या हॉलमध्ये, नाहीतर उन्हाळ्यात कुणाच्या परसात अशी पंगत जमली, की एखाद्या मोठ्या वाडग्यात बारीक चिरलेला कोबी आणि त्यात न शिजवलेल्या, चुरलेल्या नूडल्स बहुधा दिसतातच. रामेन सॅलड, रामेन स्लॉ, क्रंची स्लॉ अशी नावं पुष्कळ, पदार्थ एकच. तिकडच्या जुन्या पाककृतींच्या वह्यांत तो ‘ओरिएंटल सॅलड’ म्हणूनही सापडतो. चीन-जपानच्या स्वयंपाकाशी त्याचं नातं मात्र नूडल्सच्या पाकिटापुरतंच. पदार्थ अस्सल अमेरिकन आहे: स्वस्त, झटपट आणि पन्नास जणांचा करायचा म्हटला तरी घाम न फोडणारा.

आपल्याकडे तो करायला अडचण काहीच नाही. कोबी, गाजर, कांद्याची पात, नूडल्सची दोन पाकिटं आणि मूठभर दाणे घरात नसले तर कोपऱ्यावर मिळतात. गॅस पेटतो तो सात-आठ मिनिटं. तरीही हा पदार्थ हमखास फसतो. वाडग्याच्या तळाशी आंबटगोड पाणी, वर मरगळलेला कोबी आणि मधे धड ना कच्च्या धड ना शिजलेल्या नूडल्स. दोष साहित्याचा नसतो, क्रमाचा असतो.

या स्लॉमध्ये कुरकुर दोन प्रकारची आहे आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. कोबी कुरकुरतो तो पाण्यामुळे. त्याच्यात ९२ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात आणि दाताखाली त्या फुटतात तेव्हा तो कर्र आवाज येतो. नूडल्स कुरकुरतात त्या नेमक्या उलट कारणाने, त्यांच्यात पाणी जवळजवळ नसतंच म्हणून. आता या दोघांच्या मधे मीठ आणि साखर घाला. मीठ कोबीतलं पाणी बाहेर ओढतं, नूडल्स ते पिऊन टाकतात आणि दोन्हीकडची कुरकुर एकदमच जाते. म्हणून खालच्या कृतीत जे जे करायला सांगितलं आहे, ते कोबीचं पाणी कोबीत आणि नूडल्सचा कोरडेपणा नूडल्समध्ये, घास तोंडात जाईपर्यंत टिकावा एवढ्यासाठीच. ‘कोशिंबिरीला मीठ पानं घेताना लावायचं’ हे ज्या घरात पाळलं जातं, त्या घरात हे वेगळं शिकवायला नको. कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडतं ते चवीसाठी खरंच, पण सुटलेलं पाणी धरून ठेवायचं कामही ते मुकाट्याने करत असतं.

नूडल्स कोणत्या घ्यायच्या, इथे थोडं थांबू. पाकिटातल्या झटपट नूडल्स कच्च्या नसतातच. मोमोफुकू आंदो यांनी जपानमध्ये ओसाका प्रांतातल्या इकेदा गावी १९५८ मध्ये पहिल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्यामागची युक्ती तळण्याची होती. वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात सोडल्या की आतलं पाणी वाफ होऊन झपाट्याने निघून जातं आणि जाताना नूडलभर बारीक बारीक भोकं ठेवून जातं. नंतर उकळतं पाणी ओतलं की ते या भोकांतून आत शिरतं, म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. म्हणजे पाकीट हातात येतं तेव्हा नूडल्स शिजलेल्याही असतात आणि तळलेल्याही. नुसत्या खाल्ल्या तरी चालतात. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने शाळेच्या मधल्या सुट्टीत मॅगीचं पाकीट चुरून, वर मसाला भुरभुरवून हे सिद्ध केलेलंच आहे. जपानमध्ये तर १९५९ पासून अशा चुऱ्याचा खाऊच विकला जातो, आज तो ‘बेबी स्टार’ नावाने मिळतो. मिए प्रांतातल्या एका नूडल्सच्या कारखान्यात तुकडे वाया जात होते, त्यांतून तो निघाला.

ही भोकंच आपल्या स्लॉचं बलस्थान आणि तीच त्याचं दुखणं. त्यांच्यामुळे नूडल हलकी, खुसखुशीत लागते आणि त्यांच्यामुळेच ती ड्रेसिंग टिपकागदासारखी शोषते.

तेव्हा पाकीट उलटून साहित्याची यादी वाचा. त्यात पाम तेल वगैरे दिसलं आणि ‘दोन मिनिटांत तयार’ छापाच्या सूचना असल्या, तर त्या तळलेल्या नूडल्स, बिनधास्त घ्या. ‘हक्का नूडल्स’ म्हणून मिळतात त्या बहुतेक नुसत्या वाळवलेल्या असतात. त्या तशाच चावल्या तर दाताखाली कच्चं पीठ येतं, भाजूनही सुधारत नाहीत. शेवयांचंही तेच. अमेरिकेत, इंग्लंडात राहणाऱ्यांनी आणि शाकाहारी असणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. तिकडच्या रामेनच्या पाकिटात चिकनची किंवा बीफची चव असलेली पुडी सर्रास असते, कधी नूडल्समध्येही तसलं काही असतं. लेबल नीट वाचा, आणि शंका आली तर पुडी सरळ फेकून द्या. पुडीवाचून या पदार्थाचं काही अडत नाही.

साहित्य (पाच-सहा जणांना, जेवणाबरोबर)

कोबी ५०० ग्रॅम, म्हणजे मध्यम गड्ड्याचा साधारण अर्धा भाग. जांभळा कोबी मिळाला तर १०० ग्रॅम. एक मोठं गाजर. कांद्याच्या पातीच्या पाच-सहा काड्या. मूठभर कोथिंबीर.

झटपट नूडल्सची ७० ग्रॅमची दोन पाकिटं. बदामाचे काप पाव कप, किंवा सोललेले शेंगदाणे तेवढेच. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया दोन टेबलस्पून. पांढरे तीळ एक टेबलस्पून. भाजायला एक टेबलस्पून तूप किंवा लोणी.

ड्रेसिंगसाठी: वास नसलेलं तेल चार टेबलस्पून, व्हिनेगर तीन टेबलस्पून, साखर दीड टेबलस्पून, सोया सॉस दोन टीस्पून, किसलेलं आलं अर्धा टीस्पून, ताजी मिरपूड. भाजलेल्या तिळाचं तेल घरात असेल तर एक टीस्पून. इथे टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटरचा मापाचा चमचा आणि टीस्पून ५ मिलिलिटरचा. पोहे खायच्या चमच्याने मोजू नका.

साखरेबद्दल एवढंच सांगते की अमेरिकेतल्या जुन्या कृतींत अर्धा कप तेल आणि जवळजवळ तेवढीच साखर सर्रास असते. अर्धा कप साखर म्हणजे १०० ग्रॅम. तेवढ्यात आपला घरभर शिरा होतो. शिवाय साखरही मिठासारखीच कोबीतलं पाणी ओढते, त्यामुळे गोड ड्रेसिंगचा स्लॉ लवकर गळतो. दीड टेबलस्पून पुरे. गाजर स्वतःचं थोडं गोडपण आणतंच.

कोबीची तयारी

गड्डा हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे आणि दाबला तर दबता कामा नये. पानं सैल, हलका आणि फुगीर गड्डा भाजीला चालेल, इथे नको. पावसाळ्यात पानांच्या मधे अळी सापडण्याची शक्यता जास्त. हा कोबी कच्चाच खायचा असल्याने बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका, गड्ड्याचे चार भाग करा आणि वाहत्या पाण्याखाली पानं जरा उकलून धुवा.

आता प्रत्येक फोडीचा दांडा तिरका कापून बाजूला काढा. फेकू नका. त्याच्या काडीएवढ्या लांब चकत्या केल्या की त्या कोबीपेक्षाही गोड आणि करकरीत लागतात. फोड आडवी ठेवून कोबी चिरायला घ्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. याहून जाड चिरला तर चावून चावून जबडा दुखतो आणि ड्रेसिंग नुसतं वरच्यावर बसतं. याहून बारीक चिरला तर पाच मिनिटांत मान टाकतो. विळीवर चिरायची सवय असेल तर विळीसारखं साधन नाही. धार ताजी असली की पान कापलं जातं, चेंगरत नाही. किसणीवर मात्र कोबी किसू नका. किसणी पेशी फाडते, रस तिथेच सुटायला लागतो आणि पुढे कितीही जपलं तरी उपयोग नसतो. फूड प्रोसेसरचं चकत्यांचं पातं चालेल, किसायचं पातं चालणार नाही.

चिरलेला कोबी बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. फ्रिजमध्ये दोन दिवस राहिलेला, जरा मलूल झालेला कोबीसुद्धा यातून ताठ होऊन बाहेर येतो, कारण पेशींमध्ये पाणी परत भरतं. पाण्यात मीठ घालू नका. किडीसाठी मिठाच्या पाण्यात ठेवायचाच असेल तर अख्ख्या फोडी ठेवा, चिरल्यावर नाही. बर्फाच्या पाण्यात मात्र चिरलेलाच टाकायचा.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त लोक तीच गाळतात. कोबी चाळणीत उपसून निथळू द्या, मग स्वच्छ सुती पंचावर पसरा, दुसऱ्या पंचाने टिपा आणि दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्या. पाणी आत हवं, बाहेर नको. पानाला पाण्याचा थेंब चिकटलेला असला की तेलकट ड्रेसिंग त्यावरून घसरून खाली जातं आणि तळाशी त्या पाण्यात मिसळून पातळ होतं. वाडग्यात सापडणारं पाणी बऱ्याचदा कोबीचं नसतंच, नळाचं असतं.

गाजर सोलून जाड किसणीवर लांब किसा किंवा काड्या करा. गाजर कोबीपेक्षा चिवट असल्यामुळे त्याला किसणी सोसते. पातीचा पांढरा भाग अगदी पातळ आणि हिरवा भाग तिरका चिरा. साधा कांदा घालू नका, त्याचा उग्रपणा सगळ्या वाडग्याला लागतो. काकडी आणि टोमॅटोचा मोह टाळा. दोघंही गोड चेहऱ्याचे पाणीवाले आहेत. ढोबळी मिरची हवी असेल तर आतला पांढरा मऊ भाग काढून फक्त सालीकडचा भाग काड्या करून घाला. जांभळा कोबी वेगळा धुवा, वेगळा वाळवा आणि अगदी शेवटी मिसळा, नाहीतर सगळा स्लॉ गुलाबीसर होतो. व्हिनेगर लागल्यावर तो जांभळा रंग लालसर होतो, ते साहजिकच आहे, काही बिघडलेलं नाही.

नूडल्स चुरणं आणि भाजणं

पाकीट पूर्ण न उघडता एका बाजूने कोपरा जरासा फाडा, हवा जाऊ द्या आणि मसाल्याची पुडी काढून घ्या. मग पाकीट ओट्यावर ठेवून लाटण्याने हलके दोन-चार फटके मारा. लाटण्याने लाटू नका, त्याने भुगा होतो. आपल्याला दाण्यापासून बोटाच्या पेरापर्यंत असे लहानमोठे तुकडे हवेत. लहान तुकडे कोबीत मिसळून जातात, मोठे वर उठून दिसतात आणि शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. सगळं पोह्याच्या चाळणीत ओतून भुगा खाली पाडा. भुगा पहिल्या मिनिटातच ओला होऊन कोबीला पिठासारखा चिकटतो. तो कटलेटवर लावायला बाजूला ठेवा.

नूडल्स तळलेल्याच आहेत तर पुन्हा भाजायच्या कशाला, असं वाटेल. दोन कारणं. भाजल्याने त्यांचा बेचव, पाकिटातला वास जाऊन खमंगपणा येतो. आणि तुपाचा पातळ थर बाहेरून बसला की ड्रेसिंग आत शिरायला वेळ लागतो. पाणी त्या थराला बिचकतं. तेवढी पाच-दहा मिनिटं आपल्याला टेबलावर उपयोगी पडतात.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तूप तापवा. लोणी घेतलं असेल तर त्याच्यात पाणी असतं, ते फसफसेल. फेस बसेपर्यंत थांबा. आधी बदामाचे काप टाका आणि दीड-दोन मिनिटं परता. कडेने किंचित रंग धरायला लागले की नूडल्स घाला. आता झाऱ्या हातातून सोडायचा नाही. चारेक मिनिटांत पांढरट पिवळ्या नूडल्स गव्हाळ होऊ लागतात आणि शेव तळल्यासारखा वास येतो. त्या वेळी सूर्यफुलाच्या बिया आणि तीळ टाका. तीळ तडतडू लागले की गॅस बंद. हव्या त्या रंगाच्या एक छटा अलीकडेच थांबायचं, कारण कढईची उष्णता पुढचं काम करते आणि बदाम करपला तर कडवटपणा सगळ्यांत उतरतो. शेंगदाणे वापरत असाल तर ते आधी वेगळे भाजून, साल काढून, अर्धे करून घ्या आणि शेवटी नुसते मिसळा. ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सियसवर ट्रेमध्ये पसरून आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलवून.

मसाल्याची पुडी कुठे जाते? अमेरिकन कृतीत ती ड्रेसिंगमध्ये जाते. माझं मत निराळं आहे. पुडीत मीठ भरपूर असतं, आणि मीठ कोबीपासून जितकं लांब तितकं बरं. शिवाय आपल्या मसाला नूडल्सच्या पुडीत हळद, धने, जिरे असतात, ते सोया सॉसबरोबर ड्रेसिंगमध्ये गेले की ना धड स्लॉ, ना धड कोशिंबीर. म्हणून गॅस बंद केल्याबरोबर अर्धी पुडी गरम नूडल्सवर भुरभुरवा आणि ढवळा. तुपामुळे मसाला चिकटून बसतो आणि खारटपणा कुरकुरीच्या बाजूला राहतो. नूडल्स आचेवर असताना मसाला टाकू नका, जळतो.

कढईतून लगेच परातीत काढून पसरा. ढीग करू नका, झाकण ठेवू नका. गरम नूडल्सवर झाकण पडलं की वाफ कोंडते आणि मेहनत पाण्यात जाते. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गार झाल्यावर अर्धा तासही उघड्या ठेवू नका. डब्यात त्या तीन-चार दिवस उत्तम राहतात, म्हणजे हे काम आदल्या दिवशी करून ठेवता येतं. सादळल्याच तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परतल्या की परत ताळ्यावर येतात.

ड्रेसिंग

झाकणाच्या काचेच्या बरणीत आधी व्हिनेगर, सोया सॉस आणि साखर घ्या. साखर विरघळेपर्यंत हलवा. तेल आधी घातलं तर साखर तळाशी खडे होऊन राहते, कारण ती तेलात विरघळत नाही. मग आलं, मिरपूड आणि शेवटी तेल घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी खुळखुळा. दाटसर, गढूळ दिसलं की झालं. थोड्या वेळाने तेल परत वर येईल. वापरताना पुन्हा हलवायचं.

आपल्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर नाकाला झोंबणारं असतं, तिकडे वापरतात ते तांदळाचं व्हिनेगर पुष्कळ सौम्य. पांढरंच वापरायचं असेल तर दोन टेबलस्पून व्हिनेगर आणि एक टेबलस्पून पाणी घ्या, किंवा निम्मं व्हिनेगर आणि निम्मा लिंबाचा रस. मीठ बरणीत घालू नका, सोया सॉसमध्ये आहे ते बहुतेक वेळा पुरतं. चव चमच्याने घेऊ नका. नुसतं चाखलं तर ते आंबट आणि तीव्रच लागणार. कोबीचं एक पान त्यात बुडवून खा आणि मग साखर-आंबट ठरवा.

मिसळणं

इथून पुढे घड्याळाकडे लक्ष ठेवा. पानं घ्यायच्या दहा मिनिटं आधी मोठ्या, पसरट वाडग्यात कोबी, गाजर, पात, कोथिंबीर एकत्र करा. वाडगं कोबीच्या दुप्पट तरी मोठं हवं, म्हणजे हलवताना चेंगराचेंगरी होत नाही. ड्रेसिंगचा पाऊण भाग ओता आणि हातानेच खालून वर मिसळा. चमचा कोबी दाबतो, बोटं उचलतात. प्रत्येक काडी चकाकली पाहिजे, पण वाडगं तिरकं केलं तर तळाशी जेमतेम चमचाभर ड्रेसिंग दिसलं पाहिजे. या दहा मिनिटांत कोबी किंचित नमतो, कच्चेपणाचा वास जातो, पण चावल्यावर आवाज शाबूत राहतो. आता जांभळा कोबी मिसळा. उरलेलं ड्रेसिंग लागलं तरच घाला.

नूडल्स टेबलावर. खरंच टेबलावर, स्वयंपाकघरात नाही. मंडळी बसली की दोनतृतीयांश नूडल्स आत मिसळायच्या आणि उरलेल्या वर पेरायच्या. पहिला घास पंधरा मिनिटांच्या आत घेतला जावा. मुंबईचा भेळवाला कितीही गर्दी असली तरी भेळ आधी कालवून ठेवत नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मगच पातेल्यात चमचा फिरतो. चायनीज भेळेच्या गाडीवर तर अगदी हेच जिन्नस असतात: कोबी, गाजर, ढोबळी मिरची, पात, कुरकुरीत नूडल्स. फरक इतकाच की तिथे हक्का नूडल्स उकडून, कॉर्नफ्लोअर लावून कडक तळतात आणि वरून शेजवान चटणी पडते. कुणाला स्लॉ मिळमिळीत वाटला तर त्याच्या वाटीत अर्धा चमचा शेजवान चटणी कालवून द्या, तक्रार मिटेल.

अमेरिकेत एक दुसराही पंथ आहे. ते नूडल्स मुद्दाम ड्रेसिंगमध्ये घालून सॅलड रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळपर्यंत नूडल्स मऊ होतात, सगळी चव पितात आणि कोबी लोणच्यासारखा मुरतो. तो प्रकार वाईट नाही, पण तो वेगळा पदार्थ आहे. तसा करायचा असेल तर बदाम-बिया तरी वगळून ठेवा आणि खाताना घाला, म्हणजे दाताखाली काहीतरी येईल.

त्यात आणखी काय घालता येईल

मांसाहार चालत असेल तर उकडून हाताने तोडलेलं चिकन घाला, मग हेच रात्रीचं जेवण होतं. याचा एक चुलत भाऊ कॅलिफोर्नियात आहे, चायनीज चिकन सॅलड. ते लोकप्रिय करण्यात सँटा मोनिकातल्या मॅडम वूज गार्डन या रेस्टॉरंटचा मोठा वाटा. अंडं चालत असेल तर पातळ ऑम्लेटच्या पट्ट्याही छान लागतात. शाकाहारी मंडळींनी पनीरपेक्षा कडक परतलेलं टोफू किंवा उकडलेले मटार घ्यावेत. पनीर ड्रेसिंगमध्ये आपली चव हरवून बसतं. तिकडे डब्यातल्या संत्र्याच्या फोडी घालतात. आपण थंडीत नागपुरी संत्र्याच्या फोडी साल काढून, बी काढून, अगदी वाढताना वर ठेवू शकतो. उन्हाळ्यात कैरीच्या बारीक काड्या घाला आणि व्हिनेगर एक टेबलस्पूनने कमी करा. डाळिंबाचे दाणे चालतात, फुटत नाहीत तोवर.

मेयोनीज नको. ते वेगळ्या कोलस्लॉचं काम आहे, आणि नूडल्स त्यात दोन मिनिटंही तग धरत नाहीत.

बरोबर नेताना आणि उरल्यावर

सहलीला, मंडळाच्या कार्यक्रमाला किंवा ऑफिसच्या डब्यात न्यायचा असेल तर तीन भांडी लागतात: कोरडा कोबी एका डब्यात, त्याच्या तळाशी कागदी रुमाल घालून, ड्रेसिंग छोट्या बरणीत आणि नूडल्स घट्ट झाकणाच्या डब्यात. कोबीचा डबा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. परदेशात पॉटलकला नेत असाल तर वाडग्याशेजारी एक चिठ्ठी ठेवा: यात बदाम (किंवा शेंगदाणे), तीळ, गहू, सोया आणि तूप किंवा लोणी आहे. अॅलर्जीचा प्रश्न तिथे फार गंभीरपणे घेतात आणि तो असतोही गंभीर. चिकन घातलं असेल तर उन्हात एका तासापेक्षा जास्त ठेवू नका.

ड्रेसिंग लागलेला स्लॉ उरला तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्यातून कुरकुर गेलेली असणार, ती परत येत नाही, तिच्या मागे लागू नका. लोखंडी कढई कडकडीत तापवा, चमचाभर तेलात ठेचलेला लसूण टाका, स्लॉ पिळून त्यात घाला आणि मोठ्या आचेवर तीन मिनिटं परता. ड्रेसिंगमधल्या साखरेमुळे कडा तपकिरी होतात. चालत असेल तर वर एक अंडं फोडून ढवळा, आणि गरम भाताबरोबर खा.